ट्रकची काच, रबर आणि रंग

पावसाळा तोंडावर आला की हमरस्त्यालगतच्या ट्रक-गॅरेजांत एकच गर्दी उसळते. कुणाला पाटे बदलायचे असतात, कुणाला ब्रेक दुरुस्त करायचे असतात आणि पुष्कळांना 'पासिंग'च्या आधी गाडी रंगवून घ्यायची असते. आठ वर्षांहून जुन्या ट्रकला आपल्याकडे दर वर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. पोपडे सुटलेली, गंजाने खाल्लेली केबिन घेऊन तपासणीला जाणे कोणत्याही मालकाला नको असते.

अशा वेळी रंगाऱ्याचे काम थोडा वेळ थांबून पाहा. केबिनच्या पुढच्या मोठ्या काचेभोवती काळ्या रबराची जाड चौकट असते. काही रंगारी काचेवर वर्तमानपत्र लावतात, रबराच्या कडेने चिकटपट्टी मारतात आणि सरळ फवारा सुरू करतात. हे काम पंधरा मिनिटांत होते. दुसरे काही कारागीर मात्र आधी काच उतरवून घेतात, जुने रबर फेकून देतात, उघड्या पडलेल्या पत्र्याची डागडुजी करतात, मग रंग देतात आणि रंग पक्का वाळल्यावर नवे रबर घालून काच पुन्हा बसवतात. यात दोन-चार दिवस मोडतात आणि पैसेही जास्त लागतात.

पहिल्या दिवशी दोन्ही गाड्या सारख्याच झळाळतात. दोन पावसाळे गेले की मात्र फरक दिसू लागतो. पहिल्या गाडीच्या काचेखालच्या दोन्ही कोपऱ्यांत रंग फुगतो, त्यातून तांबूस ओघळ येऊ लागतात आणि पाऊस सुरू झाला की चालकाच्या पायांवर पाण्याचे थेंब पडतात. असे का व्हावे? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात तुमच्या पाठ्यपुस्तकातील भौतिकी आणि रसायन या दोन्ही विषयांतले बरेच काही दडलेले आहे.

काच पत्र्याला टेकत का नाही?

पुढची काच थेट पत्र्याच्या चौकटीत घट्ट आवळून बसवली तर काय बिघडेल? आधी उष्णतेचा परिणाम पाहू. समजा, काच १.५ मीटर रुंद आहे. थंडीतल्या पहाटे तिचे तापमान १० अंश सेल्सियस असेल, तर मे महिन्यातल्या विदर्भाच्या उन्हात उभ्या असलेल्या ट्रकचा पत्रा ६५ अंशांपर्यंत सहज तापतो. म्हणजे ५५ अंशांचा फरक. पोलादाची लांबी दर अंशाला दर मीटरमागे सुमारे ०.०१२ मि.मी. वाढते, काचेची सुमारे ०.००९ मि.मी. गणित करून पाहा: पत्र्याची चौकट सुमारे १ मि.मी. रुंदावेल, काच मात्र पाऊण मि.मी. एवढीच. हा पाव मिलिमीटरचा फरक क्षुल्लक वाटतो. पण काचेला तो सोसण्याची सवय नसते. पोलाद ताणले तर थोडे लांबते, वाकते आणि निभावून नेते. काच दाब चांगला सोसते, पण ताण आला की तिच्या कडेवरच्या एखाद्या बारीक चिरेपासून तडा धावत सुटतो.

याहून मोठा त्रास रस्त्याचा. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे उंचवट्यावर आले की ट्रकचा सांगाडा पिळला जातो. ओले धुणे पिळताना त्याची दोन टोके विरुद्ध दिशांना फिरतात, तसेच काहीसे, अर्थात फार थोड्या प्रमाणात, केबिनचे होते. काचेच्या चौकटीचे चार कोपरे मग एका पातळीत राहत नाहीत. काच मात्र सपाटच राहू पाहते. या दोघांच्या भांडणात मध्यस्थ म्हणून उभे असते ते रबर.

या रबराचा आडवा छेद घेतला तर तो साधारण इंग्रजी एच अक्षर आडवे करून ठेवावे तसा दिसतो. त्याला दोन खाचा असतात. एका खाचेत काचेची कड बसते, दुसऱ्या खाचेत पत्र्याची कड. काच आणि पत्रा एकमेकांना कोठेही टेकत नाहीत. काच जणू रबरात तरंगत असते. काही गाड्यांत रबराच्या दर्शनी बाजूस तिसरी बारीक खाच असते आणि तिच्यात एक कडक पट्टी दाबून बसवतात. ही पट्टी पाचरीसारखे काम करते. ती आत शिरली की रबराचे ओठ दोन्ही बाजूंना फाकतात आणि काचेवर व पत्र्यावर घट्ट आवळले जातात. लाकूड फोडणारी पाचर आणि काच धरून ठेवणारी ही पट्टी यांच्यामागे तत्त्व एकच आहे.

वारा आणि पाणी यांचा हल्ला

रबराला नुसती काच सांभाळायची नसते, वाराही थोपवायचा असतो. गाडी ताशी ८० कि.मी. वेगाने जात असेल तर समोरून येणारी हवा सेकंदाला सुमारे २२ मीटर वेगाने काचेवर आदळते. वाहत्या हवेचा दाब काढायचा तर हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग आणि त्याची निमपट, असे सूत्र आहे. हवेची घनता दर घनमीटरला १.२ कि.ग्रॅ. धरली तर हा दाब जास्तीत जास्त ३०० पास्कलच्या आसपास येतो. आपली काच १.५ मीटर रुंद आणि ०.६ मीटर उंच असेल, तर तिच्यावर सुमारे २७ कि.ग्रॅ. वजनाइतके बल पडू शकते. हे बल शेवटी रबराच्या ओठांनाच पेलावे लागते.

आता याच दाबाकडे दुसऱ्या दृष्टीने पाहा. ३०० पास्कल म्हणजे पाण्याच्या ३ सें.मी. उंच स्तंभाचा दाब. याचा अर्थ, रबर आणि पत्रा यांच्यात फट असेल, तर वेगाने धावणाऱ्या गाडीत वारा पाऊसपाण्याला सुमारे ३ सें.मी. उंच चढवू शकतो. पत्र्याची उभी कड साधारण एक-दीड सें.मी. उंच असते. उभ्या गाडीत एक थेंबही न गळणारी काच धावत्या गाडीत का गळते, हे कोडे अनेक चालकांना पडते. त्याचे उत्तर हे असे तीन ओळींच्या गणितात मिळते!

वारा नसला तरी पाणी स्वस्थ बसत नाही. दोन स्वच्छ काचपट्ट्या एकमेकींजवळ धरून पाण्यात उभ्या केल्या तर त्यांच्यामधून पाणी वर चढते. हे केशाकर्षण तुम्ही शाळेत पाहिले असेल. फट जितकी अरुंद, तितके पाणी उंच. फट ०.१ मि.मी. असेल तर पाणी १४-१५ सें.मी. चढू शकते. रबराला पाणी नीट चिकटत नाही, त्यामुळे ताज्या स्वच्छ रबराखाली ते एवढ्या सहजी घुसत नाही. पण रबराखाली धूळ आणि माती साचली की टीपकागदासारखी तीच पाणी शोषून धरते आणि एकदा शिरलेले पाणी तिथून लवकर बाहेर पडत नाही.

रबर म्हातारे का होते?

रबराच्या चिकातले रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत कडक पडते. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइअर याला असे आढळले की, रबर गंधकाबरोबर तापवले की त्याचे हे दोन्ही दोष जातात. १८४४ मध्ये त्याने या पद्धतीचे एकस्व मिळवले. या क्रियेला व्हल्कनीकरण म्हणतात. तीत गंधकाचे अणू शेजारशेजारच्या साखळ्यांना मधूनमधून टाके घालतात. टाके थोडे असले की रबर ताणले जाते आणि सोडताच मूळ आकार घेते. टाके फार झाले की ते कडक होते.

गाडीवर बसलेल्या रबरात हवेतील ऑक्सिजन, ऊन आणि उष्णता यांमुळे वर्षानुवर्षे बदल होत राहतात. काही ठिकाणी साखळ्या तुटतात, काही ठिकाणी नको असलेले नवे टाके पडतात. रबर मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेली तेले हळूहळू बाहेर पडतात. परिणामी रबर आकसते आणि कडक होते. वरील काचेचा परिघ ४.२ मीटर आहे. रबर केवळ दोन टक्के आकसले तरी एकूण ८ सें.मी. लांबी कमी झाली! ही तूट कोपऱ्यांत उघडी पडते, कारण ताणलेले रबर वळणावर सरळ मार्ग काढू पाहते. म्हणून जुन्या गाडीच्या काचेचे रबर कोपऱ्यांतच उचललेले दिसते.

रबराचा आणखी एक शत्रू म्हणजे ओझोन. तो जमिनीलगतच्या हवेतही अत्यल्प प्रमाणात असतो. नैसर्गिक रबराच्या साखळीत कार्बनच्या अणूंमध्ये ठिकठिकाणी दुहेरी बंध असतात आणि ओझोन नेमका त्यांवर घाव घालतो. गंमत अशी की, सैल पडलेल्या रबराला ओझोनमुळे भेगा जवळजवळ पडत नाहीत; ताणलेल्या रबराला पडतात, आणि त्या ताणाच्या दिशेला काटकोनात पडतात. पुढे अशी कृत्रिम रबरे निघाली की ज्यांच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसतातच. ईपीडीएम हे त्यांतले एक. गाड्यांच्या काचा आणि दारे यांच्या रबरांसाठी आज ते मोठ्या प्रमाणावर वापरतात. त्यात मिसळलेली काजळी उन्हातील अतिनील किरण शोषून घेते; हे रबर काळे असते ते मुख्यतः या काजळीमुळे.

करून पाहा: साधी पातळ रबरबँडे घ्या. एक बँड लाकडी फळीवर दोन खिळ्यांमध्ये चांगले ताणून गच्चीवर सावलीत, मोकळ्या हवेत ठेवा. दुसरे त्याच फळीवर सैल ठेवा. तिसरे लहान फळीवर तसेच ताणून झाकण घट्ट लावलेल्या काचेच्या बरणीत ठेवा. दोन-तीन आठवडे रोज भिंगातून पाहा आणि वहीत नोंदी करा. भेगा प्रथम कोणत्या बँडाला पडतात? त्या कोणत्या दिशेला पडतात? नुसता ताण पुरेसा आहे, की ताण आणि हवा ही जोडी लागते?

रबराखाली काय चालते?

आता आपण खऱ्या दुखण्यापाशी आलो. रबराखालचा पत्रा कुणाला दिसत नाही आणि गंज नेमका तेथेच सर्वांत जोमाने वाढतो. हवा कमी लागते तेथे गंज कमी चढावा, असे तुम्हाला वाटेल. प्रत्यक्षात उलटे घडते.

लोखंड गंजणे ही विद्युत्-रासायनिक क्रिया आहे. ओल्या पत्र्यावर एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. ही जागा धनाग्र. दुसऱ्या जागी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन स्वीकारतो. ही जागा ऋणाग्र. म्हणजे पत्र्यावर एक इवलासा विद्युतघट तयार होतो. मग कोणती जागा धनाग्र होणार? जेथे ऑक्सिजन भरपूर, ती जागा ऋणाग्र होते. जेथे ऑक्सिजन पोहोचत नाही, ती जागा धनाग्र होते आणि तेथलेच लोखंड झिजते. रबराच्या ओठाबाहेर हवा भरपूर, आत फटीत साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन थोडा. तेव्हा मार बसतो तो आत दडलेल्या पत्र्याला. समुद्रकाठी पाण्यात मीठ असते, त्यामुळे ते वीज अधिक चांगली वाहून नेते आणि ही क्रिया आणखी वेगाने चालते. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि हवा खारी असते. तेथल्या ट्रकची केबिन सोलापूरच्या ट्रकच्या मानाने लवकर का सडते, ते आता तुम्हीच सांगू शकाल.

हे सारे डोळ्यांनी पाहता येते. इव्हान्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रयोगशाळेत करा. मिठाच्या सुमारे ३ टक्के द्रावणात पोटॅशियम फेरिसायनाइडच्या द्रावणाचे काही थेंब आणि फिनॉल्फथॅलीनचे काही थेंब मिसळा. पोटॅशियम फेरिसायनाइड तापवू नका आणि त्यात आम्ल मिसळू नका. लोखंडी पत्र्याचा तुकडा पॉलिशपेपरने घासून चकचकीत करा आणि त्यावर या मिश्रणाचा एक मोठा थेंब ठेवा. प्रथम इकडेतिकडे निळे-गुलाबी ठिपके दिसतील. थोड्या वेळाने थेंबाचा मध्य निळा होईल आणि कड गुलाबी. निळा रंग सांगतो की येथे लोखंड विरघळत आहे. गुलाबी रंग सांगतो की येथे ऑक्सिजनने इलेक्ट्रॉन घेऊन पाणी अल्कधर्मी केले आहे. थेंबाच्या कडेला हवा लागते, मध्याला कमी लागते. थेंबाचा मध्य म्हणजेच आपल्या रबराखालची फट!

विरघळलेले लोखंड पुढे ऑक्सिजनशी संयोग पावून तांबूस गंज बनतो. हा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. इतक्या चिंचोळ्या जागेत तो फुगला की रंगाला उचलतो, रबराला ढकलतो आणि कधीकधी काचेच्या कडेवरच दाब देतो. प्रवासात काहीही न लागता काचेला कोपऱ्यातून तडा गेला, तर तो फुगलेल्या गंजाचाही प्रताप असू शकतो.

मग चिकटपट्टी लावून रंगवले तर?

पंधरा मिनिटांच्या कामाचा हिशेब आता करता येईल. रंगाचा सगळा थर मिळून जाडी असते ०.१ मि.मी.च्या आसपास. रबर जागेवर ठेवून रंगवले तर हा थर रबराच्या ओठापाशी संपतो. तेथे त्याची उघडी कड राहते आणि पाण्याला आत शिरायला तीच वाट मिळते. ओठाखालचा जुना गंज तसाच जिवंत राहतो. नवा रंग त्याच्यावर चढतच नाही, फक्त त्याच्या शेजारी चढतो.

दुसरे असे की, फवाऱ्याचा रंग थोडा तरी रबरावर उडतो आणि रबर व पत्रा यांच्यामध्ये रंगाचा पूल तयार होतो. रबर हलते, रंग ताणला जात नाही. पूल चिरतो आणि चीर पत्र्यावरच्या रंगात शिरते. तिसरे, रंगातील थिनरमुळे रबर फुगते, आणि थिनर उडून गेल्यावर ते पुन्हा आकसते. आधीच म्हाताऱ्या झालेल्या रबराला हे मानवत नाही. चौथी गोष्ट रंगाऱ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. रबर चमकावे म्हणून त्यावर कुणी सिलिकॉनचे पॉलिश लावलेले असले, तर त्याचा सूक्ष्म अंश आजूबाजूच्या पत्र्यावर पसरतो. तेथे ओला रंग एकसारखा पसरत नाही, मागे सरतो आणि त्यात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात. तेलकट ताटलीवर पाणी टाकून पाहा, तोच प्रकार.

नवे रबर आणले, पण ते रंगाच्या आधीच बसवून टाकले, तर? तेही व्यर्थच. नव्या रबराच्या ओठाखाली जुना पत्रा तसाच राहिला आणि नव्या रबरावर रंग उडाला. तेव्हा क्रम एकच: आधी जुने रबर काढायचे, मग पत्रा दुरुस्त करून रंगवायचा आणि सर्वांत शेवटी नवे रबर.

काच उतरवताना

चांगले कारागीर हे काम कसे करतात ते पाहू. तुम्ही मात्र ते लांबूनच पाहा, ६ मि.मी. जाडीची ही काच सुमारे साडेतेरा कि.ग्रॅ. वजनाची असते आणि तिच्या कडा धारदार असतात. (काचेची घनता दर घनमीटरला २५०० कि.ग्रॅ. धरून हे उत्तर पडताळून पाहा.)

प्रथम वायपरचे हात काढतात. नंतर रबराचा बाहेरचा ओठ धारदार सुरीने सगळीकडून कापून टाकतात. डिसमिस खुपसून काच उचकटण्याचा मोह नवशिक्याला होतो. पण जुने रबर तसेही टाकायचेच असते, वाचवायची असते ती काच. डिसमिसच्या टोकाने एका बिंदूवर जोर पडतो आणि दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. क्षेत्रफळ जवळजवळ शून्य झाले की थोडेसे बलही काचेच्या कडेला भारी पडते. ओठ कापला की एक जण आतून वरच्या कोपऱ्याजवळ दोन्ही तळवे टेकवून सावकाश ढकलतो आणि बाहेर दोघे काच झेलतात. ती गोणपाटावर, पुठ्ठ्यावर किंवा जुन्या गादीवर ठेवतात, फरशीवर नाही.

आता चौकटीचा पत्रा उघडा पडतो आणि गाडीचे खरे वय कळते. खालच्या दोन कोपऱ्यांत बहुधा चाळणी झालेली असते, कारण सगळे पाणी शेवटी तिथेच येऊन थांबते. येथे तारेच्या ब्रशने आणि पॉलिशपेपरने चकचकीत धातू लागेपर्यंत गंज खरवडतात. पत्रा आरपार गेला असेल तर तेवढा भाग कापून नवा तुकडा वेल्डिंगने जोडतात. भोकावर नुसती लांबी भरून वरून रंग दिला, तर एक-दोन महिने कुणाला काही कळत नाही. पण पत्र्याच्या कडेला काच पेलायची असते आणि लांबीत तेवढी ताकद नसते. नंतर गंजरोधक प्रायमर आणि त्यावर रंग, असे थर पत्र्याच्या कडेच्या दोन्ही अंगांना देतात. रबर बसल्यावर ही जागा कुणालाही दिसणार नाही, म्हणूनच ती नीट रंगवायची!

रंग वाळण्याची घाई करून चालत नाही. वरून बोटाला चिकटत नाही म्हणजे रंग आतूनही पक्का झाला, असे नाही. तेलरंग हवेतील ऑक्सिजन घेऊन वरून खाली घट्ट होत जातो. अर्धवट ओल्या रंगावर रबर आवळले तर त्याचा ठसा उमटतो, उरलेले थिनर आत कोंडते आणि रबर रंगाला चिकटून बसते. डब्यावर सांगितलेला पूर्ण अवधी द्यावाच लागतो. दमट हवेत हा अवधी लांबतो. म्हणून हे काम पावसाळ्याआधी उरकलेले बरे.

सुतळीची युक्ती

आता खरी गंमत. रबराच्या दोन खाचांपैकी एकीत काच बसवणे सोपे आहे. रबर काचेभोवती चढवले की झाले. पण दुसऱ्या खाचेत पत्र्याची कड कशी घालणार? रबराचा आतला ओठ पत्र्याच्या पलीकडे, केबिनच्या आत जायला हवा, आणि काच तर बाहेरून लावायची आहे.

कारागीर यासाठी एक मजबूत गुळगुळीत दोरी घेतात. ती पत्र्यासाठी असलेल्या खाचेत काचेच्या चहूबाजूंनी बसवतात आणि तिची दोन्ही टोके खालच्या बाजूला मधोमध एकमेकांवरून नेऊन आत सोडतात. खाचेत साबणाचे पाणी लावतात. मग काच बाहेरून चौकटीवर टेकवतात. बाहेरचा माणूस तळव्याने काच दाबतो आणि आतला माणूस दोरीचे एक टोक हळूहळू, काचेच्या मध्याच्या दिशेने ओढू लागतो. दोरी खाचेतून बाहेर येताना रबराचा ओठ उचलते आणि तो पत्र्यावरून अलगद आत उतरतो. दोरी पुढे सरकेल तसतसा ओठ पुढे बसत जातो. सव्वाचार मीटर लांबीचा ओठ एकदम उचलायला प्रचंड बल लागले असते. दोरी तो एका वेळी दोन-तीन सेंटिमीटर एवढाच उचलते. कपड्यांची चेन नेमके हेच करते.

साबणाचेच पाणी का? ग्रीस किंवा तेल अधिक निसरडे नाही का? आहे, पण खनिज तेल आणि रबर या दोन्ही कार्बन-हायड्रोजनांच्या साखळ्या. समानधर्मी पदार्थ एकमेकांत मिसळतात. तेल रबरात शिरते, रबर फुगते आणि ढिले पडते. साबणाचे पाणी काम होईपर्यंत घर्षण कमी करते, मग वाळते आणि घर्षण पुन्हा वाढते. आपल्याला हवे असते तेही हेच: बसवताना निसरडे, बसल्यावर घट्ट.

मीटरवर मिळणारे रबर कापून जोडायचे असेल तर आणखी एक पथ्य असते. परिघ ४.२ मीटर असताना ४ मीटर रबर ताणून बसवणे सहज शक्य असते. त्यात २० सें.मी. रबराची बचत होते, पण रबर पाच टक्के ताणलेले राहते. वरच्या प्रयोगातले ताणलेले बँड आठवा! म्हणून जाणते कारागीर रबर ताणत नाहीत, उलट एखादा टक्का जास्तच घेतात आणि दाबून बसवतात. दाबलेल्या रबरात ओझोनच्या भेगा पडत नाहीत आणि पुढे ते थोडे आकसले तरी सांधा उघडत नाही.

पाण्याची परीक्षा

काम झाले की पाण्याची नळी लावून परीक्षा घेतात. हीही पद्धतशीर घ्यावी लागते. आत एक जण विजेरी घेऊन बसतो. बाहेरचा माणूस बारीक धार आधी खालच्या कडेवर, मग दोन्ही बाजूंवर आणि शेवटी वरच्या कडेवर सोडतो. एकदम वरून पाणी ओतले तर ते सगळीकडे ओघळते आणि गळती नेमकी कोठे आहे ते कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तुमच्या प्रयोगशाळेतला नियम गॅरेजमध्येही तितकाच खरा आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? गळणारे पाणी डॅशबोर्डमागच्या वायरींवर आणि फ्यूजवर पडते. भर पावसात वायपर किंवा दिवे बंद पडले तर चालकाला पुढचे दिसणार कसे? शिवाय सडलेल्या कडेने आणि कडक झालेल्या रबराने धरलेली काच धक्क्यासरशी निखळू शकते. तेव्हा प्रश्न केवळ रंगाच्या शोभेचा नाही, गाडीत बसलेल्या माणसांचा आहे.

आजच्या बहुतेक मोटारींत हे रबर राहिलेले नाही. त्यांच्या काचा पॉलियुरेथेन नावाच्या चिवट पदार्थाने पत्र्याला चिकटवलेल्या असतात आणि केबिनला बळकटीही देतात. भोवती काळी पट्टी दिसते ती बहुधा शोभेपुरती. पण रस्त्यांवर धावणारे कितीतरी जुने ट्रक, ट्रॅक्टर आणि बसगाड्या अजून रबरावरच विसंबून आहेत.

यापुढे असा एखादा उभा ट्रक दिसला की चालकाला विचारून काचेच्या खालच्या कोपऱ्यांकडे जवळून पाहा. रबर कोपऱ्यांत उचलले आहे का? त्यावर आडव्या बारीक भेगा आहेत का? रबरावर रंगाचे शिंतोडे आहेत का? ओठालगतचा रंग फुगला आहे का? एवढ्या चार खुणांवरून, काच न उतरवताही, तो ट्रक कोणत्या पद्धतीने रंगवला होता हे तुम्हाला बहुतेक वेळा ओळखता येईल.